चिकित्सक विचार आणि कामातील निर्णय (मराठवाडा)

चिकित्सक विचार : एखादी बातमी, सल्ला, आकडा किंवा स्वतःचेच मत खरे धरून पाऊल टाकण्याआधी त्याचा आधार तपासण्याची, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मुद्दाम शोधण्याची सवय. शेत, कारखाना, आडत, बँक, शाळा, कचेरी अशा कोणत्याही कामात निर्णय घेताना ती उपयोगी पडते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तिचे मोल अधिक आहे, कारण इथे चूक झाल्यावर सावरायला वाव कमी मिळतो. पावसाळ्याची सरासरी साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर, तीही लहरी. एक पेरणी वाया गेली तर अख्खे वर्ष मागे पडते.

संज्ञा : ‘चिकित्सा’ म्हटले की आधी दवाखाना आठवतो. पण संस्कृतात या शब्दाच्या मुळाशी जाणून घेण्याची इच्छा आहे. रोगाचे निदान हा तिचा एक उपयोग. रोजच्या बोलण्यात मात्र चिकित्सा करणाऱ्याला फारसा मान नाही. तो फाटे फोडतो, नसत्या शंका काढतो, असे म्हटले जाते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण सगळ्यांच्या तोंडी असते. तिच्यात जन आहे, मन आहे, पडताळणी मात्र नाही. जनांनी सांगितलेले आणि मनाला वाटलेले, दोन्ही तपासून पाहण्याची ती मधली पायरी हा या नोंदीचा विषय आहे.

परंपरा : तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शन या प्राचीन भारतीय दर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेले), अनुमान (खुणेवरून काढलेला निष्कर्ष), उपमान (साम्यावरून पटलेली ओळख) आणि शब्द. यातला ‘शब्द’ म्हणजे विश्वास ठेवावा अशा माणसाचे सांगणे. कामाच्या ठिकाणचे बरेच निर्णय या चौथ्या साधनावरच होतात. म्हणून सांगणारा माणूस चांगला आहे एवढ्याने भागत नाही; ज्या गोष्टीबद्दल तो सांगतोय ती त्याला कशी कळली, हे विचारावे लागते. शास्त्रचर्चेत आपले मत मांडण्याआधी विरोधकाची बाजू पूर्वपक्ष म्हणून मांडण्याचा दंडक होता. आजच्या बैठकांत तो क्वचितच पाळला जातो, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

मराठवाड्यात या परंपरेची एक ठळक खूण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आजच्या छत्रपती संभाजीनगरात जे महाविद्यालय सुरू केले, त्याला मिलिंद हे नाव आहे. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला अवघड प्रश्न विचारणारा राजा. परिसराला नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही एकाच ठिकाणी मानाची जागा मिळाली आहे. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी आपल्याला प्रिय असलेल्या परंपरेचीही परखड चिकित्सा करता येते, हे आपल्या लेखनातून आणि भाषणांतून दाखवले.

आधुनिक मांडणीत अमेरिकी विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये केलेले विवेचन पायाभूत मानले जाते. निष्कर्ष काही काळ रोखून धरण्याची तयारी त्यांनी महत्त्वाची मानली. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक साधा प्रयोग केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी आकडे सुचवा आणि नियम ओळखा, असे लोकांना सांगितले. नियम फक्त ‘चढता क्रम’ एवढाच होता. पण ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असे मनात धरून बहुतेकजण ८, १०, १२ असेच आकडे सुचवत राहिले. आपला अंदाज खोटा ठरवू शकेल असा आकडा फार थोड्यांनी विचारला. मनाच्या अशा ठरावीक चुकांचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ एमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७४ मध्ये मांडला. कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पेरणीचा निर्णय : मराठवाड्यात दरवर्षी लाखो लोक एकाच पंधरवड्यात घेतात असा हा निर्णय, आणि चिकित्सक विचाराची सगळी अंगे त्यात दिसतात. मृगाचा पहिला पाऊस पडला, शेजारच्या बांधावर तिफण किंवा ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र दिसले, की जीव थाऱ्यावर राहत नाही. ‘समद्यांनी पेरलं, आपणच राहिलो’ ही भावना फार जोराची असते. पण शेजाऱ्याने पेरले यावरून त्याला पेरावेसे वाटले एवढेच कळते. आपल्या रानात ओल किती खोल गेली, हे त्यावरून कळत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, ही कृषी विद्यापीठाची शिफारस म्हणजे ही घाई थांबवण्यासाठी आधीच आखून ठेवलेली रेघ आहे. दुबार पेरणी टाळायला तिचा उपयोग होतो. रेघ आधी आखलेली असते, यातच तिची ताकद आहे. ढग डोक्यावर आल्यावर आखायला बसले तर ती प्रत्येकाच्या मनाप्रमाणे सरकते.

दुसरी तपासणी बियाण्याची. घरचे सोयाबीन असेल तर शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची आणि पाच ते सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. एकदा मोजून भागत नाही. तीन-चार वेळा करून सरासरी काढावी लागते. सत्तर दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे हे नेहमीचे प्रमाण. साठच उगवले तर त्याच हिशोबाने ३५ किलो लागेल. फारच कमी उगवले तर ते बियाणे सोडून द्यावे. खर्च म्हणाल तर एक गोणपाट आणि आठवडाभराचे लक्ष. चिकित्सक विचार कसा असतो हे कुणाला एका उदाहरणात समजावून सांगायचे असेल, तर प्रस्तुत लेखक हेच उदाहरण देईल. मोठा निर्णय लहान, स्वस्त चाचणीवर आणून उभा करायचा आणि चाचणी नको ते सांगू लागली तरी ते ऐकायचे.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात मोठ्या संख्येने तक्रारी झाल्या. ‘बियाणे बोगस’ हा निष्कर्ष लगेच निघाला आणि काही ठिकाणी तो खराही असू शकतो. पण आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, आणि भिजलेल्या सोयाबीनची उगवण घटते. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्र वेगाने फिरले किंवा पोती आपटली तरी दाणा आतून दुखावतो. पेरणी फार खोल गेली किंवा ओल अपुरी असली तरी कोंब वर येत नाही. एकाच परिणामाची चार कारणे संभवत असतील, तर प्रत्येक कारण खरे असते तर आणखी काय दिसले असते, असे विचारावे लागते. एकाच पिशवीतले बियाणे दोन रानांत पेरले होते का? दोन्हीकडे सारखेच बुडाले का? पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणे राखून ठेवणाऱ्यालाच या प्रश्नांची उत्तरे देता येतात, आणि भरपाई मागतानाही त्याचीच बाजू भक्कम राहते.

फवारणीचेही असेच. कपाशीवर गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग अडकले, किंवा दहा टक्के हिरवी बोंडे किडलेली आढळली, तर उपाय करायचा. याला आर्थिक नुकसान पातळी म्हणतात. दुकानदाराने सांगितले म्हणून किंवा मनात धास्ती बसली म्हणून मारलेल्या फवारणीत पैसा जातो आणि मित्रकीटकही मरतात.

बाजार आणि मनात रुतलेला आकडा : ऑगस्ट २०२१ च्या सुमारास सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. नवा माल येऊ लागला, पेंड आयातीला परवानगी मिळाली आणि काही आठवड्यांत भाव कोसळला. पण तो आकडा लोकांच्या मनातून उतरला नाही. पुढची काही वर्षे लातूरच्या आडतीत ‘दहा हजार बघितलाय, पुन्हा होईल’ हे वाक्य सोयाबीन धरून ठेवण्याचे कारण होऊन बसले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजार त्याच्याही खाली राहिला. मानसशास्त्रात याला नांगर पडणे म्हणतात. एकदा ऐकलेला आकडा जहाजाच्या नांगरासारखा रुततो आणि नंतरचा प्रत्येक अंदाज त्याच्याभोवती फिरतो. यावरचा उपाय म्हणजे प्रश्न बदलणे. भाव पुन्हा तेवढा होईल का, असे न विचारता त्या वर्षी तो का झाला होता आणि त्यातले कोणते कारण आज हजर आहे, असे विचारावे.

बोअर : मराठवाड्याच्या बहुतांश भागाखाली बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे शेजारच्या दोन बोअरमध्येही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अशा अनिश्चित ठिकाणी पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याचे महत्त्व वाढणे स्वाभाविक आहे. त्याने तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेली जागा लागली, की ती गोष्ट गावभर होते. कोरड्या गेलेल्या जागांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ज्याचे पैसे फुपाट्यात गेले तो गप्प बसतो. म्हणून यश मोजताना ‘किती लागले’ याच्या जोडीला ‘एकूण किती मारले’ हेही विचारले पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिकही शंभर टक्के खात्री देऊ शकत नाहीत. पण आपला अंदाज कशावर बेतला आहे हे ते दाखवू शकतात, आणि त्यामुळे तो तपासता येतो.

याहून जड चूक बोअर चालू असताना होते. तीनशे फुटांपर्यंत फुपाटाच उडतोय, गाडीवाला विचारतो, ‘मालक, काय करायचं?’ आणि उत्तर येते, ‘एवढं मारलंय तर अजून शंभर मार.’ आधी गेलेला पैसा थांबल्यानेही परत येणार नाही आणि पुढे मारल्यानेही नाही. विचार फक्त पुढच्या शंभर फुटांच्या खर्चाचा आणि तिथे पाणी लागण्याच्या शक्यतेचा करायचा असतो. हे ऐकायला सोपे वाटते. सगळे घर आशेने भोवती उभे असताना ते फार कठीण असते. म्हणून किती फुटांवर थांबायचे हे गाडी येण्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवून कागदावर लिहून ठेवावे.

कारखाना आणि कार्यालय : वाळूज-शेंद्र्यातील वाहनउद्योग असो की जालन्याच्या पोलादाच्या गिरण्या, तिथे ‘व्हाय-व्हाय’ हा शब्द कामगारांनाही माहीत असतो. जपानच्या टोयोटा कंपनीत रुजलेली ही पद्धत : बिघाड झाला की पाच वेळा ‘का?’ विचारायचे. समजा रात्रपाळीत रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढले. ‘नवा पोरगा मशीनवर होता’ हे उत्तर पहिल्याच ‘का’ला मिळते आणि तिथेच कागद बंद होतो. पण त्याच मशीनवर जुना ऑपरेटर असताना काय झाले होते? गेज, म्हणजे माप घेण्याचे साधन, शेवटचे कधी तपासले? मालाचा लॉट बदलला होता का? माणसाचे नाव घेऊन संपलेले विश्लेषण बहुधा अर्धवट असते, कारण त्याने उद्याच्या पाळीत काहीच बदलत नाही. या पद्धतीचीही एक कमजोरी आहे. ती कारणांची एकच साखळी पकडते, आणि पहिली कडी चुकली तर पाचही चुकतात.

खरी अडचण मात्र पद्धतीत नसते. ‘साहेब, एक विचारू का?’ हे वाक्य ज्या खात्यात धोक्याचे वाटते, तिथे कुठलेही तंत्र चालत नाही. वरिष्ठाने बैठकीत आपले मत आधी सांगितले की बाकीच्यांच्या माना हलतात. साधा उपाय असा, की सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू द्यावे आणि प्रमुखाने शेवटी बोलावे. अमेरिकी संशोधक गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक रीत इथे विशेष उपयोगी आहे. निर्णय पक्का करण्याआधी सगळ्यांनी असे धरून चालायचे की वर्ष उलटले आणि काम पूर्ण फसले. का फसले ते प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचे. शेतकरी उत्पादक कंपनी दालमिल घालायला निघाली असेल, तर ‘तूर वर्षातून किती महिने मिळेल’ ही शंका या कागदावर येते. एरवी ती मनातच राहिली असती, कारण उघड शंका घेणारा अपशकुनी ठरतो.

किल्लारीचा धडा : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूत तज्ज्ञांचीही होती. आदल्या वर्षी तिथे लहान धक्के बसत होते. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती भक्कम म्हणून ओळखल्या जात, आणि त्याच माणसांवर कोसळल्या. पुढे २००२ च्या भारतीय मानकात हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. नकाशा, मानक, अहवाल हे तोवर मिळालेल्या पुराव्यावरचे मत असते. नवा पुरावा आल्यावर ते बदलावे लागते, आणि तो येण्याआधी ‘धोका नोंदलेला नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावता येत नाही. अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी, बँकेचा अधिकारी अशा कागदावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

मर्यादा : प्रत्येक निर्णयाची चिकित्सा करत बसायला वेळ नसतो आणि गरजही नसते. गारपिटीचा इशारा आला की खळ्यावरचा माल आधी झाकायचा. जो निर्णय उद्या फिरवता येतो तो पटकन घ्यावा. जो फिरवता येत नाही त्यासाठी वही काढावी.

चुकीचा दिसणारा निर्णय दरवेळी विचारातल्या खोटीमुळे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. सुगीतच पडत्या भावाने सोयाबीन विकणाऱ्याला बाजार कळत नाही असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. त्याच्यापुढे पीककर्जाची तारीख, मजुरी, मुलीची फी उभी असते. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. ही उचल हातात आल्यावरच ‘आज विकू की थांबू’ हा प्रश्न त्याच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहतो.