गुडघा दुखतोय म्हणून व्यायाम सोडू नका

"गुडघे दुखायला लागले की व्यायाम बंद करा, नाहीतर उरलीसुरली कूर्चाही (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत आवरण) झिजून जाईल," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण दुखणं म्हणजे झीज हे गणित मनात पक्कं बसलेलं असतं. पण सांधा म्हणजे गाडीचा टायर नव्हे.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि तो तिच्यात नीट मुरायला हालचाल लागते. गुडघा वापरला नाही की मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो, भार पेलायला कमी पडतो, दुखणं वाढतं. मग माणूस आणखी कमी हलतो. हे दुष्टचक्रच मला झिजेपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

बदलायचा तो व्यायामाचा प्रकार. उड्या, खोल बैठका तूर्त नकोत. उंच खुर्चीवरून हातांचा आधार घेत उठा-बसा. तेही जड जात असेल तर पाठीवर झोपा, एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा, सावकाश टेकवा.

मानवतंय का, हे घरीच तपासता येतं. व्यायामाआधी दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्या. नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा द्या. थोडं वाढून २४ तासांत पूर्ववत झालं तर चालू ठेवा, नाहीतर आवर्तनं कमी करा. सांधा लाल, गरम झाला, अचानक सुजला, अडकू लागला किंवा पायावर भारच घेता येईना, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.