कंट्रोलरच्या कोडची कॉपीराइट नोंदणी: इंदूरच्या वेब डेव्हलपरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

वेब पानाच्या एखाद्या भागाचे वागणे सांभाळणारा कोडचा तुकडा म्हणजे कंट्रोलर. लिट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कंट्रोलर आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, होस्ट कंपोनंट (ज्या भागासाठी तो काम करतो तो) घेतो आणि त्यावर अ‍ॅडकंट्रोलर ही मेथड चालवून स्वतःला जोडून घेतो. स्टिम्युलस या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये एचटीएमएलच्या टॅगवर डेटा-कंट्रोलर हे अ‍ॅट्रिब्यूट लिहिले की काम होते. ही जोडणी फ्रेमवर्कची. त्या कंट्रोलरच्या आत तुम्ही लिहिलेला कोड मात्र तुमचा, आणि नोंदणी त्याचीच होते. सगळा अर्ज याच सीमारेषेवर उभा असतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कोड लिहिला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही ती करून ठेवावी, कारण कलम ४८ नुसार नोंदवहीतील मजकूर न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. टायमर किंवा शोधखिडकी कंट्रोलरकडे सोपवण्याची कल्पना मात्र नोंदवता येत नाही. संरक्षण मिळते ते लिहिलेल्या कोडला.

अर्ज कोणी करायचा?

सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कंपनीत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार कंपनीचा. फ्रीलान्सरचे उलट आहे. क्लॉथ मार्केटमधल्या व्यापाऱ्याने साइटचे पूर्ण पैसे दिले, तरी लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय कोडचा मालक लिहिणाराच राहतो. बिलावर ‘सर्व हक्कांसह’ एवढे लिहून भागत नाही. हस्तांतरणाच्या सहीच्या कागदात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे हवे. काळ लिहिला नाही तर कलम १९ तो ५ वर्षे धरते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी ग्राहकाचे काम करणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे.

कागदपत्रे

ओळखपत्र लागते. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचे सहीनिशी ना-हरकतपत्र जोडायचे. दोघांनी मिळून लिहिले असेल तर दोघांचीही नावे लेखक म्हणून द्यायची. वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र.

खरी काळजी घ्यायची ती कोडच्या पानांची. २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पाने द्यावी लागतात. एकूण २० पेक्षा कमी पाने असतील तर सगळाच कोड. कोणताही भाग झाकलेला किंवा खोडलेला चालत नाही. म्हणून एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या), पासवर्ड आधीच कोडबाहेर काढा. ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये ते असूच नयेत. बिल्ड केलेला बंडल, म्हणजे सगळा कोड एकत्र करून ब्राउझरसाठी बनवलेली फाइल, कधीही जोडू नका: त्यात फ्रेमवर्कचा कोडही मिसळलेला असतो, त्यामुळे तुमच्या नावाने दिलेल्या पहिल्या १० पानांत दुसऱ्याचेच काम निघू शकते. बाहेरच्या लायब्ररी असलेले नोड-मॉड्यूल्सचे फोल्डर वगळा, स्वतःच्या कंट्रोलरच्या मूळ फाइली ठरलेल्या क्रमाने लावा आणि त्यांची एक पीडीएफ करा. टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिले असेल तर टाइपस्क्रिप्टच द्या.

अर्जाचे टप्पे

कॉपीराइट कार्यालयाच्या पोर्टलवर खाते उघडून नमुना १४ भरायचा. सॉफ्टवेअरचे शुल्क प्रत्येक कृतीमागे ₹५००. सोबत तपशीलपत्र आणि अधिक तपशीलपत्र अशी दोन पत्रके असतात. दुसऱ्यात कृती मूळ आहे की रूपांतर, हे विचारतात. फ्रेमवर्क नुसते वापरले असेल तर कृती मूळच. पण एखाद्या लायब्ररीचा कोड उचलून बदलला असेल तर रूपांतर लिहून मूळ कृतीची माहिती द्या. स्टिम्युलसचा मुक्त-स्रोत परवाना एमआयटी, लिटचा बीएसडी. दोन्ही बदल करू देतात, पण मूळ कॉपीराइट सूचना काढू देत नाहीत. कोड सार्वजनिक रेपॉझिटरीत (इंटरनेटवरच्या कोडसाठ्यात) आधीच टाकला असेल तर ‘प्रकाशित’ लिहून प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि देश भरा.

शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो. त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते, मग तपासणी. ज्यांचा कृतीत हितसंबंध आहे त्यांना अर्जाची सूचना देणे ही अर्जदाराचीच जबाबदारी. नावाचे स्पेलिंग वेगवेगळे असले किंवा ना-हरकतपत्रावर सही नसली तर त्रुटीपत्र येऊ शकते. त्यात दिलेल्या मुदतीतच उत्तर द्या.

कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण ऑनलाइन अर्जासाठी तिथे जावे लागत नाही. पुढे कोणी कोड चोरला तर कलम ६२ मुळे, चोरी करणारा कुठलाही असो, इंदूरला राहणाऱ्या मालकाला इंदूरच्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.