दुर्बीण अंधार उजळत नाही

शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका दुर्बिणीची जाहिरात परवा नजरेस पडली. अंधारातही दिवसासारखं दिसेल, असा दावा. चित्रातली भिंगं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल चमकत होती आणि खाली ठळक अक्षरांत ‘२० ते १८० पट’ छापलं होतं. त्यातल्या ‘दिवसासारखं’ या एका शब्दावर माझं घोडं अडलं. कारण हा समज फक्त जाहिरातवाल्यांचा नाही. वर्षानुवर्षं दुर्बीण वापरणारी माणसंही म्हणतात की मोठ्या भिंगातून संध्याकाळी उजेड जास्त दिसतो.

शिकाऱ्याच्या दृष्टीनं हा प्रश्न नाजूक आहे. हरणं, रानडुकरं बहुधा उजाडताना आणि दिवस मावळताना बाहेर पडतात, आणि दुर्बिणीची खरी परीक्षा त्याच अर्ध्या-पाऊण तासात होते. समोर हलणारं ते जनावर आहे की माणूस, नर आहे की पिल्लाबरोबरची मादी, हे बंदुकीला हात लावण्याआधी कळायला हवं. काही जण हे काम बंदुकीवरच्या दुर्बिणीनं उरकतात. तो शुद्ध गाढवपणा आहे, कारण ती दुर्बीण जिकडे बघते तिकडेच नळीही रोखलेली असते.

आता आकड्यांकडे. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की सव्वापाच येतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात एक उजळ गोल चकती दिसेल. तिचा व्यास हाच, सव्वापाच मिलिमीटर. दुर्बिणीत शिरलेला सगळा उजेड या चकतीतून बाहेर पडतो, आणि तो डोळ्यात जायचा तर त्याला तुमच्या बाहुलीतून जावं लागतं. तरुण माणसाची बाहुली गडद अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती आखडते. पन्नाशीनंतर पाचच्या आसपास आली तर नवल नाही.

समजा, तुमची बाहुली सात मिलिमीटरची आहे आणि हातात ८×५६ आहे. ५६ मिलिमीटरचं भिंग बाहुलीच्या आठपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळानं चौसष्टपट. चौसष्टपट उजेड गोळा झाला! पण चित्रही आठपट रुंद आणि आठपट उंच झालं. म्हणजे तोच चौसष्टपट उजेड दृष्टिपटलावर चौसष्टपट जागेत पसरला. हिशेब बरोबर शून्यावर आला. गवताचा पट्टा असो की हरणाची पाठ, पृष्ठभाग जेवढा उजळ नुसत्या डोळ्याला दिसत होता तेवढाच दुर्बिणीतून दिसणार. खरं तर थोडा कमीच, कारण वाटेत काचा उजेड खातात.

मग भिंग आणखी मोठं घेऊ, ८×८० घेऊ? चकती दहा मिलिमीटरची होईल आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर सांडून वाया जाईल. ही पळवाट बंद असण्याचं कारण फार खोल आहे आणि मला ते फार आवडतं. भिंगानं ऊन एकवटून कागद जाळण्याचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. भिंग कितीही मोठं केलं, कितीही भिंगं एकामागे एक लावली, तरी त्या ठिपक्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे साधारण ५५०० अंश सेल्सियसपेक्षा, वर नेता येत नाही. तसं झालं तर उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे आपोआप वाहू लागेल, आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम ते होऊ देत नाही. भिंगं प्रकाशकिरणांची जागा आणि त्यांचा कोन यांची अदलाबदल करू शकतात. एक आकसला की दुसरा फैलावतो, दोघांचा गुणाकार कमी होत नाही. म्हणून कोणत्याही पसरट वस्तूची उजळता नुसत्या भिंगांनी वाढत नाही. तारे याला अपवाद वाटतात, कारण तारा हा बिंदू; मोठा करूनही तो बिंदूच राहतो आणि गोळा केलेला सगळा उजेड एका जागी पडतो. रात्री दाखवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं वेगळी. तिथे बॅटरी ऊर्जा पुरवते.

तरीही संध्याकाळी दुर्बिणीतून जास्त दिसतं, हा अनुभव खोटा नाही. फक्त त्याचं श्रेय उजेडाला नसून आकाराला आहे. अंधूक प्रकाशात आपण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींनी पाहतो. त्या एका डोळ्यात बारा कोटींच्या आसपास असतात आणि त्यांच्यातल्या पुष्कळ जणी मिळून एकाच चेतातंतूवर वर्गणी भरतात. त्यामुळे अगदी मंद उजेडही जाणवतो, पण बारकावे हरवतात. दोनशे मीटरवरचं एक मीटर उंचीचं जनावर डोळ्याला पूर्णचंद्राच्या जेमतेम निम्म्या रुंदीएवढं दिसतं. आठपट मोठं केलं की त्याची प्रतिमा चौसष्टपट दंडपेशींवर पसरते. उजळता तीच, पण साक्षीदार चौसष्टपट. प्रत्येकाची साक्ष अस्पष्ट असली तरी एवढ्यांचं एकमत झालं की मेंदूला पाठ आणि झुडूप यांतला पुसटसा फरक कळतो.

म्हणजे चकती बाहुलीएवढी राखून विवर्धन जेवढं वाढवता येईल तेवढं बरं. माझी बाहुली मी मोजली आहे. अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं बसायचं, कपाळावर आडवी मोजपट्टी धरायची आणि दुसऱ्यानं एकाच फ्लॅशचा फोटो काढायचा. बाहुलीला आखडायला वेळच मिळत नाही. पावणेपाच निघाली. आता ८×५६ माझ्या काय कामाची? तिच्या सात मिलिमीटरच्या चकतीतले पावणेपाचच मी वापरणार, म्हणजे ५६ मधलं ३८ मिलिमीटरचं भिंग. बाकीच्या काचेची कडा मी उगाच गळ्यात वागवणार, आणि बहुतेक ८×५६ किलोच्या वर भरतात. मला ८×४२ पुरते, १०×५० तर तेवढ्याच उजळतेत चित्र आणखी मोठं देते. पंचविशीतल्या शिकाऱ्यानं मात्र ८×५६ जरूर उचलावी. विवर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून ‘संधिप्रकाश अंक’ छापायची पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. त्या सूत्रानं ८×५६ ला २१ गुण मिळतात आणि २५×३० ला २७. या दुसऱ्या दुर्बिणीची चकती सव्वा मिलिमीटरचीही नाही. तिन्हीसांजेला तिच्यातून काळोखच दिसेल.

काचा उजेड खातात ते परावर्तनानं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. सोळा पृष्ठभाग असले तर शेवटी जेमतेम बावन्न टक्के उरतो. १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. आजच्या अनेक थरांच्या लेपात एका पृष्ठभागाचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आलं, तर सोळांतून ब्याण्णव टक्के पार होतात. आणि ती डाळिंबी भिंगं? भिंग लाल चमकतं याचा अर्थ तांबडा उजेड आत न जाता परत येतो आहे. उजेड हाकलून लावायचा आणि त्यालाच रात्रीची नजर म्हणायचं. जनावराच्या डोळ्यांत स्वतःची आग असते, या समजुतीइतकंच ते खरं. (तिथेही आग नसते, दृष्टिपटलामागचा चकाकता पडदा तुमच्याच टॉर्चचा उजेड परत पाठवतो.)

आतल्या लोलकांबद्दल थोडं, आणि हे जरा किचकट आहे. लोलक उलटं चित्र सुलटं करतात. इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत नळी वाकडी होते. सरळ नळीच्या दुर्बिणीत छपरासारखा लोलक असतो. त्या छपराच्या कडेवर किरणांचा झोत दुभंगतो: अर्धा आधी डाव्या उतारावर आपटून उजव्यावर जातो, अर्धा उलट क्रमानं. पूर्ण आंतरिक परावर्तनात प्रकाशाच्या दोन ध्रुवित घटकांच्या लहरी सारख्या सरकत नाहीत, आणि क्रम उलटा असल्यामुळे दोन्ही अर्ध्या झोतांतली ही सरक जुळत नाही. परत एकत्र येताना लहरी एकमेकींना अंशतः खोडतात आणि कडेला काटकोनात असलेल्या दिशेनं प्रत्येक बिंदू किंचित फाटतो. झाइसनं १९८८ मध्ये छपराच्या उतारांवर एक लेप चढवून ही सरक जुळवली. इथवर डोकं गरगरलं असेल तर एवढं पुरे: सरळ नळीची दुर्बीण घेताना हा लेप, म्हणजे ‘फेज कोटिंग’, आहे का ते विचारा. वाकड्या नळीत झोत दुभंगतच नाही, म्हणून कमी पैशांत ती पुष्कळदा सरस ठरते.

दहापटीच्या पुढे हाताचा कंपही तितकाच मोठा होतो, तेव्हा बारापटीला तिवई लागते. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं का, ते पाहा.

दुर्बीण निवडायची ती दुपारच्या उन्हात नव्हे. उन्हात बाहुली अडीच-तीन मिलिमीटरची होते आणि ८×२५ सुद्धा ८×५६ इतकीच उजळ दिसते. संध्याकाळी, मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग दोन दुर्बिणी आळीपाळीनं एकाच झुडपावर धरा. जे पाहायचं त्याच्याकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा. नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशीच नसतात.