आरसीआय नंबर आणि राज्य प्राधिकरणाची नोंदणी: एक असली तरी दुसरी लागते

'आरसीआय नंबर मिळाला, आता परवान्याचं काम संपलं' असं बरेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ) धरून चालतात. प्रत्यक्षात तिथे अर्धंच काम झालेलं असतं.

आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद, 1992 च्या कायद्याने आली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत (सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टर) नाव चढलं की सीआरआर नंबर मिळतो. हाच तो आरसीआय नंबर. तुमचं शिक्षण मान्यताप्राप्त आहे, एवढं तो सांगतो, आणि तो देशभर चालतो. नुसत्या एम.ए. मानसशास्त्रावर, किंवा त्याला समुपदेशनाचा डिप्लोमा जोडून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून तो मिळत नाही. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास कलम 13 नुसार एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (हजार रुपये! आकडा 1992 चाच आहे.)

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी येते मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधून. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. कलम 55 प्रमाणे प्राधिकरणाने राज्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्णांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते) यांची नोंद करून यादी प्रसिद्ध करायची असते. कायद्याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ थेट 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र या नोंदणीनंतरच. आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंतल्या ठरावीक पदव्युत्तर पदव्यांची सोय वेगळी आहे.

हा फरक सहीच्या वेळी नडतो. कलम 89 खाली रुग्णाला आधारासह दाखल करताना (म्हणजे निर्णय घ्यायला त्याला खूप मदत लागते, म्हणून त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून) दोन स्वतंत्र तपासण्या लागतात, त्याही त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. एक मनोविकारतज्ज्ञाची, दुसरी मानसिक आरोग्य व्यावसायिकाची किंवा वैद्यकीय व्यावसायिकाची. दुसऱ्या जागी फक्त सीआरआर नंबर असलेल्याने सही केली, तर रुग्णाला दाखल करण्यावरच बोट ठेवता येतं. राज्य बदलतानाही तेच: पुण्याहून पणजीला गेलात तर सीआरआर नंबर सोबत येतो, महाराष्ट्राची नोंद येत नाही. गोव्याच्या प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

सायकियाट्रिक सोशल वर्करच्या बाबतीत गंमत उलटी आहे. 2017 च्या कायद्यातल्या त्यांच्या व्याख्येत आरसीआयचं नावच नाही. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. पाहिलं जातं. त्यामुळे त्यांच्याकडे सीआरआर नंबर मागत बसणं चुकीचं.

नोकरीवर घेणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे नंबर दिसला की व्यवसायाचा प्रवर्ग न वाचणं. आरसीआयकडे 16 प्रवर्ग आहेत. विशेष शिक्षकालाही सीआरआर नंबर असतो आणि ऑडिओलॉजिस्टलाही. तेव्हा प्रमाणपत्रावरचा प्रवर्ग वाचा, वैधतेची तारीख बघा, मग प्राधिकरणाच्या यादीत नाव शोधा.

संस्थेची नोंदणी हा आणखी निराळा कागद. तो रुग्णांना ठेवून घेणाऱ्या जागांसाठी असतो. नुसत्या सल्ल्याच्या खोलीला लागत नाही. रुग्ण दाखल करून घेणारं केंद्र विनानोंदणी चालवलं, तर पहिल्या खेपेला 5,000 ते 50,000 रुपये दंड होतो. तिथे जाणूनबुजून काम करणाऱ्या व्यावसायिकालाही 25,000 पर्यंत भरावे लागू शकतात, मग त्याची स्वतःची कागदपत्रं कितीही चोख असोत.