सागरी ध्वनिसंवेदन

सागरी ध्वनिसंवेदन : समुद्राच्या पाण्यात ध्वनी सोडून, किंवा तिथे आधीच असलेला ध्वनी ऐकून, तळाची, पाण्याची आणि त्यातल्या जीवांची दुरून माहिती मिळवण्याची व तिच्यावरून चित्र उभे करण्याची पद्धत. सोनार हे तिचे सर्वांत परिचित साधन. जमिनीवर आणि आकाशात हे काम प्रकाश व रेडिओ लहरी करतात. समुद्रात दोन्हींचा निभाव लागत नाही. स्वच्छ पाण्यातही सूर्यप्रकाश दोनशे मीटरच्या खाली नावापुरता उरतो, आणि पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या खाडीत कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, आणि खालच्या पट्टीतला असेल तर हजारो किलोमीटर जातो.

तत्त्व : आवाज सोडायचा, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्याचा निम्मा घेऊन वेगाने गुणायचे. चार हजार मीटर खोल तळावरून उत्तर यायला साधारण ५.३ सेकंद लागतात. मेख आहे ती त्या वेगात. पाणी एका अंशाने तापले की ध्वनीचा वेग सेकंदाला ३ ते ४ मीटरने वाढतो. हजार मीटर खाली गेले की दाबामुळे सुमारे १७ मीटरने वाढतो. क्षारतेचाही थोडा हात असतो. वेग बदलतो तिथे ध्वनी वाकतो, आणि नेहमी कमी वेगाच्या थराकडे वाकतो. समुद्रात ध्वनी सरळ रेषेत जातो असे गृहीत धरणारा फसतोच.

अमेरिकी नौदलाला हा धडा १९३० च्या दशकात मिळाला. सकाळी उत्तम चालणारे सोनार दुपारनंतर आंधळे होई. जेवणानंतर यंत्रावरची माणसे सुस्तावतात, असाही संशय घेतला गेला. खरे कारण ऊन होते. दिवसभर तापलेल्या वरच्या पाण्यातून ध्वनी खाली वळे आणि काही अंतरापलीकडे पाणबुडी चक्क ध्वनीच्या सावलीत लपे. त्यानंतर खोलीनुसार तापमान टिपणारी उपकरणे जहाजांवर आली. ध्वनीच्या साहाय्याने समुद्र पाहायचा, तर आधी समुद्राच्या पाण्याची नाडी पाहावी लागते. हा क्रम आजही बदललेला नाही.

याच वाकण्यातून एक नैसर्गिक नळीही तयार होते. वर ऊब आणि खाली दाब, दोन्ही वेग वाढवतात. मधे, मध्य अक्षांशांत सुमारे हजार मीटरवर, वेग सर्वांत कमी असतो. त्या थरात सोडलेला ध्वनी वर-खाली वळत पुन्हा तिथेच येतो, तळाला किंवा पृष्ठभागाला न लागता फार दूर जातो. मॉरिस युइंग आणि लामार वोर्झेल यांनी १९४४ मध्ये आणि रशियात लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी १९४६ मध्ये ही ध्वनिनलिका स्वतंत्रपणे शोधली.

इतिहास : खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे दोरीला शिसे बांधून सोडणे आणि दोरी वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, मोजणे. ‘वाव’ हे माप कोकणच्या मच्छीमारांच्या तोंडी आजही आहे. खोल समुद्रात अशा एकेका मोजणीला तास लागत, त्यामुळे महासागराचा तळ म्हणजे सपाट, निर्जीव पठार असावे अशी समजूत टिकून राहिली.

पाण्यातल्या ध्वनीचा वेग १८२६ मध्ये झां-दानिएल कोलादों आणि शार्ल स्टर्म यांनी जिनीव्हा सरोवरात मोजला. एका होडीतून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची, त्याच क्षणी वर दारू पेटवायची. दूरच्या होडीतल्या माणसाने झगमगाट पाहून घड्याळ सुरू करायचे आणि पाण्यात सोडलेल्या कर्ण्याला कान लावून घंटेची वाट पाहायची. ८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर, आजच्या मोजमापाच्या अगदी जवळचे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर प्रतिध्वनीने हिमनग ओळखण्याच्या कल्पनेला जोर आला. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये ते करून दाखवले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्यांना विजेने कंप देऊन ध्वनी सोडण्याची आणि ऐकण्याची युक्ती साधली. आजच्या सोनारचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचा ध्वनी आणि ध्वनीची वीज करणारा भाग, त्याच कुळातला.

जर्मन जहाज ‘मेटेओर’ने १९२५ ते १९२७ दरम्यान अटलांटिकमध्ये ६७ हजारांहून अधिक ठिकाणी प्रतिध्वनीने खोली मोजली, आणि पठाराची समजूत तिथे मोडली. पुढे मेरी थार्प यांनी अशाच नोंदी कागदावर मांडताना मध्य-अटलांटिक डोंगररांगेच्या माथ्यावरून जाणारी खोल दरी ओळखली. स्त्री म्हणून त्यांना तेव्हा संशोधन जहाजावर जाऊ दिले जात नव्हते. पृथ्वीचे कवच तिथे दुभंगते आहे ही गोष्ट त्यांनी टेबलापाशी बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या प्रतिध्वनींतून वाचली. या शाखेच्या इतिहासात याहून मोठे वाचन क्वचितच झाले असेल.

चित्र कसे घडते : साधा इको साउंडर जहाजाच्या थेट खालची एक रेघ देतो. मल्टिबीम सोनार शेकडो अरुंद झोत पंख्यासारखे पसरून एका दमात रुंद पट्टा मोजतो, आणि शेत नांगरताना तासाला तास लावावा तसे जहाज पट्ट्याला पट्टा जोडत जाते. एक अंश रुंदीचा झोत ५० मीटर खोलीवर मीटरभराहून कमी जागा व्यापतो. चार हजार मीटरवर तोच सुमारे ७० मीटर पसरतो. वारंवारतेचेही, म्हणजे ध्वनी सेकंदाला किती कंप घेतो याचेही, तसेच. ४०० किलोहर्ट्झचा ध्वनी बारकावे दाखवतो, पण शे-दोनशे मीटरमध्ये पाणी त्याला गिळते. १२ किलोहर्ट्झचा ध्वनी सर्वांत खोल खंदकाला पोहोचतो, पण दाखवतो ढोबळ. पाण्याच्या थरांतला वेग चुकीचा धरला, तर सपाट तळही पट्ट्याच्या दोन्ही कडांना ताटासारखा वर वळलेला, नाहीतर खाली झुकलेला दिसतो. अनुभवी सर्वेक्षक ती वळणे दिसताच काम थांबवतो आणि वेग मोजणारे उपकरण पुन्हा पाण्यात सोडतो.

साइड-स्कॅन सोनारची गंमत सावल्यांत आहे. जहाजामागे ओढले जाणारे हे माशासारखे यंत्र तळालगतून दोन्ही बाजूंना तिरपा ध्वनी टाकते. खडक, बुडालेली बोट, नांगर यांच्यावरून जोरदार प्रतिध्वनी येतो आणि त्यांच्यामागे, जिथे ध्वनी पोहोचलाच नाही, तिथे काळी सावली पडते. यंत्र तळापासून २० मीटर वर असेल, सावलीचे टोक यंत्रापासून १०० मीटरवर आणि सावली १० मीटर लांब असेल, तर वस्तू २ मीटर उंच. पुष्कळदा वस्तूचा ठिपका काहीच सांगत नाही आणि सावलीवरून मात्र डोलकाठी ओळखू येते. तळाखालचे थर पाहायला याहून खालच्या पट्टीचा, दणकट ध्वनी लागतो. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या अशाच भूकंपीय सर्वेक्षणातून मुंबईच्या पश्चिमेची मोठी संरचना उमगली आणि १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या मंचाने तिथे तेल काढले. मुंबई हाय प्रथम कळले ते प्रतिध्वनीतून.

गोव्यात दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) गोव्याच्या पश्चिमेच्या उतारावर, दीडशे ते तीनशे मीटर खोलीत, तळातून वायू व पाणी झिरपून पडलेल्या खळग्यांचा मल्टिबीमने अभ्यास केला आहे. अरबी समुद्रातल्या एका बुडीत पर्वताला चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव आहे. तबला-मृदंगाच्या नादाचे गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव ध्वनीने नकाशावर आलेल्या पर्वताला मिळावे, हे फार समर्पक वाटते.

जीव आणि पाणी : दुसऱ्या महायुद्धात सोनारवर तीन-चारशे मीटरवर एक तळ दिसे, जिथे तळ असणे शक्यच नव्हते. तो संध्याकाळी वर येई आणि पहाटे खाली जाई. मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखवले की ते जीवांचे दाट थर आहेत. दिवसा अंधारात लपणारे कंदीलमासे आणि इतर लहान प्राणी रात्री खायला वर येतात. अरबी समुद्रात कंदीलमाशांचा साठा मोठा आहे. प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळ माशाचे जे ‘भोत’ बाजारात सोन्याच्या भावाने विकले जाते, ते म्हणजे हीच पिशवी. तिच्याच जोरावर घोळीच्या कुळातले मासे पाण्याखाली घुमल्यासारखा आवाजही काढतात. ट्रॉलरवरचा फिश फाइंडर याच तत्त्वावर चालतो.

सोनारवाल्याला अडचण वाटणारे वाकणे वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९७९ मध्ये कामाला लावले. ठरावीक अंतर कापायला ध्वनीला किती वेळ लागला हे अचूक मोजले, तर वाटेतल्या सगळ्या पाण्याचे सरासरी तापमान कळते. जानेवारी १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळून ५७ हर्ट्झचा ध्वनी सोडला. सुमारे १८ हजार किलोमीटरवर, साडेतीन तासांनी, तो अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ ऐकू आला. नुसते ऐकूनही पुष्कळ कळते. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ पाणबुडी ४४ जणांसह नाहीशी झाली, तेव्हा अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या असेन्शन व क्रोझे बेटांजवळच्या हायड्रोफोनांनी, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनांनी, एक आवाज टिपला होता. वर्षभराने पाणबुडी ९०७ मीटर खोल सापडली.

परिणाम : समुद्रातले प्राणीही ध्वनीवरच जगतात. मार्च २००० मध्ये बहामात नौदलाच्या मध्यम वारंवारतेच्या सोनारनंतर चोचीचे देवमासे किनाऱ्याला लागून मेले, आणि अमेरिकी चौकशीने सोनारकडे बोट दाखवले. त्यामुळे आता काही ठिकाणी देवमासे जवळ असताना यंत्र बंद ठेवतात, किंवा आवाज हळूहळू वाढवत नेतात. ध्वनी सोडण्याचा हक्क गृहीत धरण्याचे दिवस गेले पाहिजेत.

सद्यस्थिती : २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सीबेड २०३०’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात २०२५ च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळाचा सुमारे २७ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजून झाला. वेळ खोल समुद्राला अधिक लागतो असे वाटते, पण प्रकार उलटा आहे. मल्टिबीमचा पट्टा खोलीच्या तिप्पट ते पाचपट रुंद असतो. चार हजार मीटरवर तो बारा किलोमीटरहून रुंद पडतो, तर २० मीटर पाण्यात साठ ते शंभर मीटरच. किनाऱ्यालगतचा तोच तुकडा, जिथे होड्या फिरतात आणि जाळी पडतात, मोजायला जहाजाला सर्वांत जास्त फेऱ्या माराव्या लागतात.