आयसीयूतलं ‘लवकर’ म्हणजे नेमकं कधी?

‘आज पेशंटला पलंगाच्या कडेला बसवू’ असं फिजिओने म्हटलं, की जळगाव-धुळ्याकडच्या आयसीयूबाहेर उत्तर ठरलेलं: ‘राहू द्या ना, आराम पडू द्या.’ हा आराम शिकवला डॉक्टरांनीच. पडून राहण्याचे तोटे 1940च्या दशकातच मांडले गेले होते. 1952च्या कोपनहेगनमधल्या पोलिओ साथीत विद्यार्थी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून श्वास देत. त्यातून आयसीयू जन्मला. पुढे व्हेंटिलेटरबरोबर झोपेची औषधं वाढली, आणि शांत पडलेला पेशंट म्हणजे नीट चाललेला पेशंट, असं सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं.

2000 मध्ये रोज थोडा वेळ ही औषधं थांबवून पाहिली. व्हेंटिलेटर लवकर सुटू लागला. 2009च्या चाचणीत 104 पेशंट होते. एका गटाची हालचाल श्वासाची नळी टाकल्यापासून साधारण दीड दिवसात सुरू झाली, दुसऱ्याची आठवडा उलटल्यावर. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे पहिल्या गटात शंभरात 59, दुसऱ्यात 35.

घोळ ‘पेशंटला लवकर उठवा’ यातल्या ‘लवकर’ या शब्दाचा आहे. कुणी 24 तास धरतं, कुणी 72. 2022च्या मोठ्या चाचणीत 750 पेशंट होते, पण तुलनेचा गटही हलतच होता: तो दिवसाला सुमारे 9 मिनिटं, जास्त हलवलेला गट 21. 180 दिवसांपैकी पेशंट किती दिवस जिवंत आणि दवाखान्याबाहेर होता, या हिशेबात फरक पडला नाही. उलट जास्त हलवलेल्यांत शंभरात 9 जणांना त्रास झाला, दुसरीकडे 4. ‘लवकर उठवणं फोल’ असा अर्थ काढून काही जण मोकळे झाले. मला तो पटत नाही. तिथे ‘लवकर’ तपासलंच गेलं नाही, तपासलं गेलं ‘किती’.

घड्याळावर बोट ठेवणाऱ्यांनी खान्देशातला कपाशीचा हंगामही आठवावा. फवारणीचं औषध पोटात गेलेला तरुण पहिल्या दिवशी सावरल्यासारखा दिसतो आणि एक ते चार दिवसांत त्याची मान, मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून अशा पेशंटला, तास मोजण्याआधी, उशीवरून डोकं उचलायला सांगतात. उचललं नाही, तर बसवण्याचा विषय त्या दिवशी बंद. उचललं, आणि बाकी आकडे जागेवर असले, तर एक जण नळी धरतो, एक पाठीला हात देतो, सिस्टर सलाइनच्या नळ्या मोकळ्या करते आणि लघवीची पिशवी कुठे अडकली ते मावशी बघतात.