अनीचे चित्रांचे चर्च आणि पूर्वजांच्या भूमीत परतणारे आर्मेनियन

तुर्कस्तानातल्या कार्स शहराच्या पूर्वेला सुमारे 45 किलोमीटरवर ओजाक्ली नावाचे छोटे गाव आहे. गावाला लागून दुहेरी तटबंदी आहे आणि तटाच्या आत अनी. या शहरात आता कोणीही राहत नाही. पठार जिथे तुटते तिथे खोल दरीतून अखुरियान नदी वाहते. तिचा पलीकडचा काठ आर्मेनियाचा. अमेरिका, फ्रान्स, लेबनॉन अशा देशांत वाढलेले आर्मेनियन इथे येतात. आजी-आजोबांच्या बोलण्यातून ऐकलेल्या या मुलखाला ते ‘येर्गिर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘देश’, पण बोलणाऱ्याच्या मनात असतो तो हातातून गेलेला देश.

अनीतल्या पडक्या चर्चांपैकी एक दरीच्या उतारावर उभे आहे. संत ग्रेगरीचे हे चर्च तिग्रान होनेन्त्स या व्यापाऱ्याने 1215 साली बांधले. आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत, म्हणून तुर्की भाषेत याला ‘नाकिश्ली’ असेही नाव पडले. आपल्या ‘नक्षी’चे आणि त्या शब्दाचे मूळ एकच, अरबी ‘नक्श’. निळ्या पार्श्वभूमीवर येशूच्या जीवनातले प्रसंग आहेत, तर पश्चिमेकडच्या भागात आर्मेनियाला ख्रिस्ती करणाऱ्या ग्रेगरीची कथा: राजाने केलेला छळ, खोल विहिरीतला बंदिवास आणि शेवटी त्याच राजाचे धर्मांतर. हात पोहोचेल तितक्या उंचीवरचे चेहरे खरवडलेले आहेत, डोळे उकरलेले आहेत, गिलाव्यावर नावे कोरलेली आहेत. दारापुढच्या मंडपाचे छप्पर कधीच गेले. तिथली चित्रे ऊन, पाऊस आणि बर्फ झेलत उघड्यावर आहेत.

हे इथवर कसे आले, ते समजायला अनी काय होते ते पाहावे लागते. 961 साली आर्मेनियाच्या बग्रातुनी घराण्याचा राजा अशोत तिसरा याने राजधानी कार्सहून इथे आणली. त्याच्या मुलाने, दुसऱ्या स्म्बातने, आजही दिसणारा मोठा तट उभारला. 992 मध्ये आर्मेनियन चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंचे पीठही इथे आले. राजधानीचे कॅथेड्रल त्रदात या स्थपतीने बांधले. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट भूकंपात खचल्यावर दुरुस्तीसाठी ज्याला बोलावले, तो हाच. ‘एक हजार एक चर्चांचे शहर’ ही अनीची ख्याती अक्षरशः घ्यायची नसली, तरी तिच्यामागची संपत्ती खरी होती. व्यापारी मार्ग शहरातून जात होते.

राज्य मात्र फार टिकले नाही. 1045 मध्ये बायझंटाइन साम्राज्याने अनी घेतले, 1064 मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने ते जिंकले. पुढे कुर्दी शद्दादी घराण्याचा अंमल आला आणि 1200च्या सुमारास जॉर्जियाच्या राणी तामारच्या सेनेतले झकारियान बंधू शहराचे धनी झाले. तिग्रान होनेन्त्स हा या शेवटच्या भरभराटीतला माणूस.

त्याने चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर आर्मेनियन भाषेत लांबलचक लेख कोरून घेतला आहे. मला या वास्तूत चित्रांइतकाच तो लेख महत्त्वाचा वाटतो. झुडपांनी भरलेली खडकाळ जागा आपण स्वतःच्या हक्काच्या पैशाने मालकांकडून विकत घेतली आणि पुष्कळ कष्ट व खर्च करून बांधून काढली, असे तो सांगतो. मग कोणकोणत्या मालमत्तेचे उत्पन्न चर्चला लावून दिले त्याची यादी येते आणि शेवटी हे दान बुडवणाऱ्याला शाप. आपल्याकडचे ताम्रपट वाचलेल्याला ही रीत चांगली ओळखीची वाटेल. दिवाबत्ती, पुजारी, डागडुजी या सगळ्याची सोय त्याने भिंतीवरच लिहून ठेवली होती. पण असे इनाम चालते ते गावात माणसे असतील तोवर.

आतल्या चित्रांवरची अक्षरे ग्रीक आणि जॉर्जियन आहेत. आर्मेनियन चर्चमध्ये इतकी सलग चित्रे सहसा नसतात. त्यामुळे होनेन्त्स बायझंटाइन आणि जॉर्जियन चर्चशी जुळलेल्या आर्मेनियन पंथाचा असावा असे अभ्यासक मानतात. ज्या वास्तूच्या बाहेर एक भाषा आणि आत दुसऱ्या दोन आहेत, तिला एकाच लोकसमूहाच्या नावावर चढवणे मला पटत नाही. ती अनीच्या सरमिसळ बाजारपेठेची खूण आहे.

1236 मध्ये मंगोलांनी शहर लुटले. 1319 मध्ये मोठा भूकंप झाला. व्यापार दुसरीकडे वळला, वस्ती ओसरत गेली आणि शेवटी संपली. 1878 मध्ये कार्सचा मुलूख रशियाकडे गेल्यावर पुरातत्त्वज्ञ निकोलाय मार यांनी 1892 पासून इथे उत्खनन केले. सापडलेल्या वस्तूंसाठी त्यांनी इथल्याच जुन्या मशिदीत संग्रहालय मांडले. हे काम 1917 पर्यंत चालले आणि युद्धाने मोडले.

1915 च्या नरसंहारात ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांची गावेच्या गावे नाहीशी झाली. कार्स तेव्हा रशियाकडे होते, पण 1918 आणि 1920 मध्ये तुर्की सैन्य आले तेव्हा तिथल्या आर्मेनियनांनाही घरदार सोडावे लागले. 1921 च्या कराराने अखुरियान ही सीमा ठरली. शीतयुद्धात हीच नदी नाटो आणि सोव्हिएत संघ यांच्यामधली रेषा झाली. अनी लष्करी पट्ट्यात गेले. कार्सहून परवाना काढल्याशिवाय जाता येत नसे, छायाचित्रे काढायला बंदी होती. अवशेषांची डागडुजी कोणी करायची हा प्रश्न अशा काळात उरतच नाही. 1957 मध्ये वादळात अकराव्या शतकातल्या तारणहाराच्या चर्चचा अर्धा भाग कोसळला, उरलेला अर्धा उभ्या चिरल्यासारखा आजही उभा आहे. 1988 च्या भूकंपाने आणखी पडझड झाली.

गेल्या काही दशकांत परवान्याची अट गेली, काही इमारतींना आधार दिले गेले आणि 2016 मध्ये युनेस्कोने अनीला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हे चांगलेच झाले. मात्र जागेवरच्या माहितीफलकांनी वर्षानुवर्षे ‘आर्मेनियन’ हा शब्द टाळला. आजोळचे घर पाहायला यावे आणि दारावर आजोबांचे नाव सोडून सगळे लिहिलेले असावे, तसे हे आहे.

तुर्कस्तानने 1993 मध्ये आर्मेनियाशी असलेली जमिनीवरची सीमा बंद केली. त्यामुळे आर्मेनियाची राजधानी येरेवानहून रस्त्याने निघालेल्या माणसाला जॉर्जियातून वळसा घालून इथे पोहोचावे लागते, आणि पोहोचल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरून स्वतःचा देश दरीपलीकडे समोर दिसतो. मधला जुना पूल तुटलेला आहे. त्याचे खांब मात्र दोन्ही काठांवर उभे आहेत.